फळांची टोपली नंतर, आधी नळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या एका नव्या पंचतारांकित रिसॉर्टमध्ये तुम्ही फ्रंट ऑफिसला असिस्टंट मॅनेजर आहात. मोठ्या तक्रारी क्वचित येतात, बारीकसारीक रोज. गरम पाणी उशिरा येतं, एसी मधेच बंद पडतो, चहा कोमट आला, चावीचं कार्ड चालत नाही. प्रत्येक वेळी तुम्ही ‘सॉरी’ म्हणता आणि खोलीत चॉकलेट केक किंवा फळांची टोपली, सोबत जीएमच्या (जनरल मॅनेजरच्या) सहीचं कार्ड पाठवता. तरी ऑनलाइन शेरे तेच ते येतात. आता मालक विचारतायत की हे केक खातंय कोण, आणि लोक फुकटच्या केकसाठी तक्रारी करत नाहीत ना? मग करायचं काय?

मी मुंबईत आणि गोव्यात फ्रंट ऑफिसच्या काउंटरपासून रूम्स डिव्हिजन सांभाळण्यापर्यंतची कामं केली, आता हॉटेलांच्या स्टाफला शिकवते. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

मालकांची शंका आधी निकालात काढते. केकसाठी तक्रार करणारे असतात, पण ते इतके थोडे असतात की त्यांच्यासाठी धोरण आखायची गरज नाही. बाकीच्यांना तुमचा केक नकोच होता. एक गोष्ट मोजायला लागा: गेस्टला तीच तक्रार किती वेळा सांगावी लागली. एकदाच सांगावी लागली असेल तर बहुतेक लोक ती जेवणाआधी विसरतात. दोनदा सांगावी लागली तर लक्षात ठेवतात. तीनदा सांगावी लागली की मग केक पाठवा, टोपली पाठवा, नाहीतर सनईवाला पाठवा, शेरा ठरलेला आहे.

असं का होतं, ते बघा. महाबळेश्वरच्या साध्या लॉजवर ‘गरम पाणी सकाळी ६ ते ९’ अशी पाटी असते. साडेनऊला पाणी गार आलं तर आपण स्वतःलाच बोल लावतो, की उठायला उशीर झाला. तुमच्या रिसॉर्टमध्ये अशी पाटी नाही. रात्रीला पंचवीस हजार आणि वर १८ टक्के जीएसटी मोजून माणूस जे विकत घेतो, त्यातला मोठा भाग हाच असतो की या चार दिवसांत मला कशाची आठवण ठेवायला लागू नये, कुणाच्या मागे लागायला लागू नये. घरी गिझरवाल्याला, सोसायटीच्या वॉचमनला, ऑफिसातल्या आयटीवाल्याला फोन करून करून तो दमलेला असतो. तुमच्याकडे आल्यावरही तेच करावं लागलं, की त्याचे पैसे तिथेच वाया गेले. म्हणून तक्रार जितकी क्षुल्लक, तितका ‘एवढंसंही यांना जमू नये?’ हा राग जास्त. खोलीत पाइप फुटून पाणी साचलं तर लोक आश्चर्य वाटावं इतकं समजून घेतात. तेच टॉवेल दोनदा मागावा लागला तर घेत नाहीत.

आता तुमच्याकडे एक तक्रार कशी फिरते ते डोळ्यासमोर आणा. गेस्ट शून्य दाबून ऑपरेटरला सांगतो, बाथरूमचा नळ ठिबकतोय. ऑपरेटर म्हणते, ‘हाउसकीपिंगला जोडून देते.’ हाउसकीपिंगचा डेस्क म्हणतो, ‘सर, हे इंजिनीअरिंगचं आहे, मी सांगतो त्यांना.’ पंधरा मिनिटांनी बेल वाजते, हातात पाना घेतलेला माणूस दारात उभा, आणि विचारतो काय, तर ‘क्या प्रॉब्लेम है सर?’ झालं. गेस्टने सांगितलं दोनदा, तिसऱ्यांदा आता सांगतोय, आणि अजून नळाला कुणी हात लावलेला नाही. या साखळीत कुणीही उद्धट बोललेलं नाही. प्रत्येकाने ‘सर’ म्हटलं. लॉगमध्ये ‘अटेंडेड’ असं लिहिलं जाईल, वेळही चांगली दिसेल.

ज्याने ऐकलं, त्याची ती तक्रार. हा नियम रिट्झ-कार्लटन या आलिशान हॉटेलांच्या साखळीने जगाला शिकवला असं म्हटलं जातं, आणि त्यांची ती प्रसिद्ध २००० डॉलरची गोष्टही तुमच्या कोर्समध्ये असेलच: कोणताही कर्मचारी, वरिष्ठाला न विचारता, एका गेस्टसाठी इतका खर्च करू शकतो. आपल्याकडे सगळे त्या आकड्यावर भाळतात. आकडा बाजूला ठेवा. त्यात महत्त्वाचं आहे ते ‘वरिष्ठाला न विचारता’. रात्री अकरा वाजता रूम सर्व्हिसच्या पोराला कळलं की गेस्टची उशी टोचते, तर त्याने ट्रे ठेवून स्वतः हाउसकीपिंगला फोन लावायचा, उशी आली का बघायची, आणि जमलं तर स्वतःच घेऊन जायची. ‘मी फूड अँड बेव्हरेजचा आहे’ हे वाक्य गेस्टच्या कानावर पडता कामा नये. आमच्या वेळी दादरच्या केटरिंग कॉलेजात (देशातली या विषयातली पहिली संस्था, १९५४ सालची) चार विभाग चार वेगवेगळ्या विषयांत शिकवायचे, आणि त्या भिंती डोक्यात घेऊनच मुलं नोकरीला लागायची. गेस्टला त्या दिसत नाहीत. त्याला एकच हॉटेल दिसतं.

तुमच्या यादीतला एसी घेऊ, कारण तो गोव्यातल्या किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांचा खास आजार आहे आणि त्यात सगळं काही आहे.

जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. गेस्ट सांगतो, एसी आपोआप बंद पडतो. टेक्निशियन येतो, थर्मोस्टॅट बघतो, एसी मस्त चालू. ‘सर, ठीक है,’ म्हणून जातो, कागदावर ‘चेक्ड, ओके’ लिहितो. तासाभराने परत बंद. गेस्ट परत फोन करतो. तुमचा दुसऱ्या शिफ्टचा माणूस येतो, त्याला पहिल्याचं काही माहीत नसतं, तोही ‘ओके’ लिहून जातो. आता रात्रीचे साडेअकरा झालेत, अंथरूण दमट लागतंय, खोलीला कुबट वास यायला लागलाय, आणि कागदोपत्री मात्र एसी दोनदा ओके आहे.

होतं काय, तर बाल्कनीच्या सरकत्या दाराला एक चुंबकी स्विच असतो. दार उघडं असलं की एसी थांबावा, म्हणजे बाहेरची दमट हवा आत येऊन भिंतींना, आरशाला पाणी सुटत नाही आणि विजेचाही चुराडा होत नाही. सोय चांगली आहे. पण दाराच्या रुळात वाळू गेलेली असते, किंवा पावसात रबराची पट्टी फुगलेली असते. गेस्टला वाटतं दार लागलं. प्रत्यक्षात बोटभर फट राहिलेली असते. टेक्निशियन येतो तेव्हा तो सवयीने दार ओढून घट्ट लावतो आणि एसी चालू होतो. तो गेला, गेस्ट बाल्कनीत जाऊन आला, परत फट.

इथे उत्तर देणाऱ्याची परीक्षा असते. ‘सर, तुम्ही दार उघडं ठेवलं होतं म्हणून बंद पडला’ हे खरं आहे. तसं म्हणालात तर गेस्टच्या पैशाने गेस्टलाच गुन्हेगार ठरवलंत. त्याऐवजी, ‘सर, या दाराच्या रुळात वाळू अडकलीय, त्यामुळे ते पूर्ण लागत नाही आणि एसीला वाटतं दार उघडंच आहे. आत्ता साफ करून देतो, पाच मिनिटं लागतील. तुम्ही जेवायला जाणार असाल तर तेवढ्यात करून ठेवतो.’ हेही तितकंच खरं आहे, आणि यात दोष दाराचा आहे, जिथे तो खरोखर आहे. मग ब्रश, सिलिकॉन स्प्रे, दार दोनदा सरकवून बघणं. आणि वीस मिनिटांनी फोन: ‘आता नीट चालतोय ना?’ हा शेवटचा फोन कुणी करायचा? टेक्निशियनने नव्हे. ज्याने पहिला फोन उचलला त्याने. त्याची शिफ्ट संपत असेल तर पुढच्या शिफ्टला नाव-खोलीसकट सांगून जायचं, आणि पुढच्याने फोनवर ‘काय झालं होतं सर?’ असं विचारायचं नाही, ‘मघाशी दाराचं काम झालं, त्यानंतर एसी ठीक आहे ना?’ असं विचारायचं. हॅण्डओव्हर खरंच झाला का, हे गेस्टला या एका वाक्यातून कळतं.

तक्रार हाताळायच्या पायऱ्यांची आद्याक्षरं ट्रेनिंगमध्ये शिकवतात, ती तुम्हाला पाठ असतील. लर्न, हार्ट, लास्ट. प्रत्येक साखळीचं आपलं एक. ऐका, समजून घ्या, माफी मागा, उपाय करा, असा सगळ्यांचा सूर एकच. माझी तक्रार एवढीच की पहिली दोन-तीन अक्षरं सगळ्यांना येतात, कारण ती तोंडाने करता येतात. मान तिरकी करून, हात जोडून, ‘आय कम्प्लीटली अंडरस्टँड’ म्हणणारी मुलं मी खोऱ्याने बघितली आहेत. परत जाऊन विचारणारी फार कमी.

माफीबद्दलही थोडं. गेस्ट मराठी असेल आणि तुमचा मुलगा सावंतवाडीचा किंवा चिपळूणचा असेल, तर त्याला मराठीत बोलू द्या. ‘असुविधेबद्दल दिलगीर आहोत’ हे रेल्वेच्या लाउडस्पीकरवरचं मराठी नको. ‘काका, चुकलंच आमचं, लगेच बघतो’ पुरे. कोंकणी येणाऱ्याने गोवेकर गेस्टशी कोंकणीत बोलावं. इंग्रजीचं दडपण आलं की मुलं पाठ केलेल्या वाक्यांच्या मागे लपतात. आणि एक वाक्य भिंतीवर लिहून त्यावर फुली मारा: ‘आमच्याकडे असं कधीच होत नाही.’ ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ एवढाच लागतो की तुम्ही खोटं बोलताय.

आपल्या मराठी मंडळींची आणखी एक तऱ्हा आहे, ती ओळखायला शिका. ते तक्रार करत नाहीत. ‘तसं सगळं छान आहे हो, पण…’ असं म्हणतात आणि थांबतात. त्या ‘पण’नंतर जे येतं, किंवा येता येता राहतं, तीच तक्रार. एक प्रसंग मला अजून आठवतो. न्यू जर्सीच्या मुलाने आईवडिलांना लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी मोठ्या हौसेने पाठवलेलं. आजोबा सकाळी न्याहारीला म्हणाले, ‘चहा जरा… असू दे, असू दे.’ वाढणारा मुलगा चटपटीत होता. तो म्हणाला, ‘सर, ये प्रीमियम दार्जिलिंग है.’ आजोबा गप्प बसले. आजींनी पिशवी कपात बुडवली, काढली, परत बुडवली. कॅप्टनच्या, म्हणजे वाढणाऱ्यांच्या प्रमुखाच्या, लक्षात आलं. त्याने स्टाफ कँटीनमधून, जिथे सगळ्या हॉटेलातला सगळ्यात चांगला चहा उकळत असतो, आलं घातलेला दोन कप चहा मागवला, किटलीत ओतून आणला आणि म्हणाला, ‘हा आमचा स्वतःचा. बघा बरं, जमलाय का.’ दुसऱ्या दिवशी ते टेबलाशी बसले तेव्हा कुणी न सांगता तोच चहा आला. खर्च काही नाही, आणि मुलाने अमेरिकेतून जे पत्र लिहिलं त्यात समुद्रावरच्या खोलीचा उल्लेखही नव्हता, चहाचा होता. ही घटना लॉगमध्ये तक्रार म्हणून नोंदलीच गेली नसती. म्हणून वाढणाऱ्यांना सांगून ठेवा: ‘असू दे’ ऐकलं की ती तक्रार समजायची.

आता भरपाई. तुमचा केक चुकतो तो तक्रारीशी त्याचा काही संबंध नसतो म्हणून. चहा कोमट आला तर कढत चहा द्या आणि तेवढ्यापुरतं बिल एनसी (नो चार्ज, म्हणजे माफ) करा. केक का? गेस्टला मधुमेह असेल, उपास असेल, अंडं चालत नसेल. रात्री दहाला बेल वाजवून केक देणं म्हणजे ज्याला शांत झोप हवी होती त्याला परत उठवणं. आणि कार्डावरचा मजकूर सगळ्यांना एकच असतो. शेजारच्या खोलीतल्या मेव्हण्यालाही तसंच कार्ड आलेलं असतं, मग दोघं न्याहारीला हसतात. कुणी कशाने हैराण झालं ते बघून त्याच गोष्टीत भर घाला. चावीचं कार्ड दोनदा बंद पडल्यामुळे म्हातारी बाई दोनदा रिसेप्शनपर्यंत चालत आली? तिसरं कार्ड घेऊन तुम्ही तिच्यासोबत बग्गीत बसून खोलीपर्यंत जा, दार उघडून दाखवा. (आणि कार्ड पर्समध्ये मोबाइलला चिकटून राहतं का तेही हळूच बघा, जुन्या पद्धतीची चुंबकी पट्टीची कार्डं त्याने पुसली जातात.) एसीने अर्धी रात्र खाल्ली असेल तर मात्र फुलं-फळं पाठवू नका. खोली बदलून द्यायची तयारी दाखवा, सामान तुम्ही हलवा, आणि भाड्यात सूट द्या. ती सूटही न मागता. मागून मिळालेली सूट ही घासाघीस असते.

फुकट देताना आणखी एक धोका. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये २०१८ साली एका बाईंचे केस सांगितले त्यापेक्षा फार आखूड कापले गेले. त्या नाराज झाल्यावर त्याच सलूनने विनामूल्य हेअर ट्रीटमेंट देऊ केली, आणि त्या ट्रीटमेंटनेच टाळूला इजा झाली असं त्यांचं म्हणणं होतं. प्रकरण राष्ट्रीय ग्राहक आयोगात गेलं, आयोगाने २०२१ मध्ये दोन कोटींची भरपाई सांगितली, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम पुराव्याअभावी बाजूला ठेवून प्रकरण फेरविचाराला पाठवलं, आणि आयोगाने पुन्हा तीच रक्कम दिली. रक्कम योग्य की अयोग्य यात मी पडत नाही. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच की जिथे बिघडलं, त्याच हातांनी, घाईघाईने, फुकटची सेवा देणं ही भरपाई होत नाही. स्पामध्ये मसाज वाईट झाला म्हणून दुसरा मसाज फुकट देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

‘तक्रार नीट सोडवली तर गेस्ट आधीपेक्षा जास्त निष्ठावान होतो’ हे तुम्ही ऐकलं असेल. त्याला ‘सर्व्हिस रिकव्हरी पॅराडॉक्स’ म्हणतात, १९९२ पासून हे नाव चालत आलंय, आणि आमचे ट्रेनर ते मोठ्या आवडीने सांगतात. २००७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा समाधान वाढल्याचं दिसलं, पण परत येण्याचा किंवा दुसऱ्यांना सांगण्याचा इरादा वाढल्याचं तसं दिसलं नाही. म्हणजे गेस्ट खूश होऊन जाईल, पण पुढच्या वेळी शेजारच्या रिसॉर्टमध्येही उतरू शकेल. चूक करून मनं जिंकण्याच्या भरवशावर राहू नका.

मालकांना पटेल असा मुद्दा आता. तुमच्या केकचा खर्च कुणाच्या खात्यावर पडतो? किचनच्या, किंवा फ्रंट ऑफिसच्या एनसीमध्ये. आणि गरम पाणी उशिरा येण्याचं कारण कुठे असतं? इंजिनीअरिंगमध्ये. मोठ्या हॉटेलांत गरम पाणी नळ्यांमधून सारखं फिरत ठेवलेलं असतं, म्हणून नळ सोडला की लगेच गरम येतं. परतीच्या लाइनचा व्हॉल्व्ह अडकला, पाइपात हवा धरली किंवा वीज वाचवायला रात्री सर्क्युलेशन पंप बंद ठेवला, की ओळीच्या टोकाच्या खोल्यांना सकाळी पाच-सात मिनिटं गार पाणी येतं. मधल्या खोल्यांना काही जाणवत नाही. तुम्ही त्या टोकाच्या खोल्यांत हंगामभर केक पाठवत राहता, इंजिनीअरिंगच्या बजेटला धक्का लागत नाही, म्हणून पंपाची चर्चा कधी होतच नाही. केकच्या खर्चात तो व्हॉल्व्ह केव्हाच बदलून झाला असता.

हे दिसावं म्हणून तक्रारींची नोंद गेस्टच्या नावाने ठेवताच आहात, ती खोली क्रमांकानेही लावून बघा. महिन्याची यादी खोलीप्रमाणे लावली की तुमच्या असंख्य तक्रारींमधल्या बऱ्याचशा ठरावीक खोल्यांत, ठरावीक वेळी येतात असं आढळेल. काही साखळ्यांत याला ‘ग्लिच रिपोर्ट’ म्हणतात. नाव काहीही द्या, पण सकाळच्या ब्रीफिंगमध्ये प्रत्येक नोंदीसमोर दोन गोष्टी वाचल्या जाव्यात: गेस्टने किती वेळा सांगितलं, आणि परत जाऊन कुणी विचारलं. दुसऱ्या रकान्यात नाव नसेल तर तक्रार बंद झालेली नाही, गेस्ट चेकआउट करून गेला असला तरी. आणि एनसी किंवा रिबेट (बिलात सूट) करताना कारण लिहायची सक्ती करा. ‘गेस्ट रिकव्हरी’ हे कारण नव्हे. ‘३१२, गरम पाणी, सकाळी साडेसहा’ हे कारण.

अधिकार किती द्यायचे, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण उत्तर तिथेच अडतं. माझं मत असं की काउंटरवरच्या आणि वाढणाऱ्या मुलांना, कुणाला न विचारता, दोघांच्या एका जेवणाइतकी रक्कम सोडता आली पाहिजे. ड्यूटी मॅनेजरला एका रात्रीचं भाडं. त्यावरचं असेल तर जीएमला रात्रीही उठवा. मालकांना भीती वाटेल की मुलं वाटत सुटतील. सुरुवातीला उलटंच होतं. मुलं घाबरतात आणि अधिकार वापरतच नाहीत. त्यांना मागे लागून वापरायला लावावं लागतं. कारण त्यांच्या अनुभवात ‘रिबेट का दिलंस?’ असं विचारणारे शंभर आणि ‘बरं केलंस’ म्हणणारा एखादाच असतो.

आणि कृपा करून तक्रारींची नोंद पगाराला जोडू नका. ज्या हॉटेलात तक्रार नोंदली की हाउसकीपिंगच्या मुलीच्या इन्सेंटिव्हमधून काटलं जातं, तिथलं लॉगबुक महिन्याभरात कोरं होतं. मॅनेजमेंटला वाटतं सेवा सुधारली. मग पहिली बातमी लागते ती इंटरनेटवर.

बिलावरच्या तक्रारी मात्र वेगळ्या खणात ठेवा. तिथे कढत चहा चालत नाही, तिथे लगेच आणि लेखी उत्तर लागतं. २०१९ च्या जुलैमधली केळी आठवत असतील. चंदीगडच्या एका पंचतारांकित हॉटेलात अभिनेता राहुल बोस यांना दोन केळ्यांचं बिल आलं जीएसटीसह ४४२ रुपये ५० पैसे. त्यांनी व्हिडिओ टाकला, देशभर विनोद झाले, दुसऱ्या कंपन्यांनी केळ्यांवर जाहिराती करून घेतल्या, आणि ताज्या फळावर कर लावला म्हणून तिथल्या कर विभागाने हॉटेलला २५,००० रुपये दंड केला. हॉटेलमालकांच्या संघटनेने हॉटेलची बाजू घेतली, नियमांचा मुद्दा मांडला. असेलही. पण दोन केळी ही जिममधून आलेल्या माणसाने मागितलेली वस्तू होती. ट्रे घेऊन जाणाऱ्याला ‘दोन केळ्यांचं बिल कशाला करायचं?’ असं वाटलं असतं, आणि न करायचा अधिकार असता, तर ते चारशे रुपये स्वस्तात पडले असते. सर्व्हिस चार्जचंही तसंच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तो आपोआप लावू नये असं सांगितलं, दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ते उचलून धरलं. गेस्टने बोट ठेवलं तर वाद न घालता काढा. त्याला १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर माहीत असतो, आणि तुमच्या कॅशियरपेक्षा निवांत वेळही.

राहिले ते नेहमीचे तक्रारखोर. प्रत्येक मुक्कामात काहीतरी काढून चेकआउटला सूट मागणारे. त्यांच्याशी एक नियम पाळा: वस्तू दुरुस्त करा, लगेच आणि मनापासून, पैसे देऊ नका. खोली आवडली नाही तर दुसरी दाखवा, जेवण आवडलं नाही तर दुसरं आणा, आणि सगळ्याची वेळ लिहून ठेवा. चेकआउटला सूट मागितली की, ‘तुम्ही सव्वाआठला सांगितलंत, साडेआठला आम्ही बदलून दिलं, तुम्ही बरं आहे म्हणालात’ एवढं शांतपणे सांगता आलं पाहिजे. त्यांच्या प्रोफाइलमध्ये ‘कटकट्या’, ‘फुकट्या’ असले शेरे मात्र लिहू नका. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माणसाला स्वतःबद्दलची माहिती मागायच्या हक्काची तरतूद आहे, आणि कायदा नसता तरी स्क्रीन काउंटरवर उघडी राहिली की गेस्टला दिसतेच. ‘लिफ्टपासून लांबची खोली पसंत, पहिल्या संध्याकाळी ड्यूटी मॅनेजरने भेटावं’ असं लिहा. काम तेच होतं.

पहिल्या संध्याकाळचा नियम सगळ्यांनाच लावा. चेकआउटच्या वेळी ‘हाउ वॉज युवर स्टे?’ विचारून काही हाती लागत नाही. टॅक्सी उभी असते, माणूस ‘व्हेरी नाइस’ म्हणतो आणि मोप्याच्या विमानतळावर पोचेपर्यंत फोनवर खरं लिहून मोकळा होतो. पहिल्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी विचारा, आणि ‘सगळं ठीक ना?’ असं विचारू नका, त्याला ‘हो’ हे एकच उत्तर आहे. ‘सकाळी पाणी लगेच गरम आलं का? रात्री एसीचा आवाज नाही ना झाला?’ असं नेमकं विचारा. तुमच्या टोकाच्या खोल्यांना तर रोज विचारा, व्हॉल्व्ह बदलेपर्यंत.

आणि तरीही इंटरनेटवर शेरा आलाच, तर उत्तर जीएमच्या नावाने तेच ते छापील पाठवू नका. ते उत्तर वाचणारा तो गेस्ट नसतो, पुढच्या महिन्यात खोली घ्यायची की नाही ठरवणारा असतो. ‘तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ यातून त्याला काही कळत नाही. ‘दक्षिणेच्या बाजूच्या खोल्यांत सकाळी गरम पाण्याला वेळ लागत होता. परतीच्या लाइनचा व्हॉल्व्ह बदलला आहे, आता लगेच येतं’ यातून कळतं. फक्त ते लिहायच्या आधी व्हॉल्व्ह खरोखर बदला, आणि सकाळी साडेसहाला त्या खोलीत जाऊन स्वतः नळ सोडून बघा.